मोझेसकाकांचं ग्रनाडा

मोझेसकाका नागावकरांसमोर ‘पूर्वीच्या काळी’ हे शब्द उच्चारायची सोय नव्हती. ताडकन उठायचे. “पूर्वी म्हणजे कधी? साल सांग! गाव सांग! नसेल सांगता येत तर गप बस!” आमच्या पिंपळे गुरवच्या सोसायटीत एक बाई लिफ्टमध्ये नुसतं म्हणाल्या, “पूर्वी तूप कसं रवाळ असायचं.” पाचव्या मजल्यापर्यंत काकांनी त्यांची उलटतपासणी घेतली.

चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षं क्वालिटीत काढलेली. सुटा भाग हातात आला की आधी बॅच नंबर विचारायचा, मग तोंड उघडायचं. निवृत्त झाल्यावर तीच नजर इतिहासावर वळली. त्यातही एकाच विषयावर, मध्ययुगातले यहुदी. काका स्वतः बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले यहुदी, अलिबागकडचे. डिसेंबरात कुणी ‘मेरी ख्रिसमस’ म्हटलं की भडकायचे. “ख्रिश्चन नाय रे मी! किती वर्षं सांगू?”

गेल्या महिन्यात ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यान होतं. कासारवाडीचे एक निवृत्त प्राध्यापक आले होते. ते म्हणाले, “मुसलमानी राजवटीत यहुद्यांचा नुसता छळच झाला.” मागून आमचे कांबळेसाहेब उठले. “सर, स्पेनमध्ये तर त्यांचं सुवर्णयुग होतं.” झालं! निम्मा हॉल इकडे, निम्मा तिकडे. आणि अख्ख्या हॉलमधला एकुलता एक यहुदी मधल्या रांगेत लाल होत होता.

“दोघंही खाली बसा!” काका गरजले. “स्पेनमधल्या ग्रनाडात, मुसलमान राजाकडे, एक यहुदी वजीर झाला. कविता करायचा, सैन्य घेऊन लढाईवर जायचा. खरं आहे! त्याच्यामागून त्याचा मुलगा वजीर झाला. त्याला जमावानं मारलं, आणि वस्तीच्या वस्ती कापून काढली. तेही खरं! आता काय म्हणणार, सुवर्ण की छळ? पॅरिसात ख्रिस्ती राजानं आमचे ग्रंथ गाड्या भरभरून जाळले. त्याच शतकात दुसऱ्या ख्रिस्ती राजाच्या दरबारी यहुदी पंडित अरबी ग्रंथांची भाषांतरं करत होते. माणसं होती ती! तुमच्या आजच्या भांडणात एकमेकांवर फेकायला धोंडे नाहीत!”

काकांना आता थांबवत नव्हतं.

“स्पेनच्याच कोर्दोबात जन्मलेला एक यहुदी तत्त्वज्ञ. देश सोडून पळावं लागलं, तर कैरोत दरबारी वैद्य झाला. श्रद्धा आणि बुद्धी यांची सांगड घालत बसला आयुष्यभर. त्याचा धाकटा भाऊ व्यापाराला हिंदुस्थानकडे निघाला आणि समुद्रात बुडाला. एवढा ज्ञानी माणूस, पण वर्षभर अंथरुणाला खिळला. त्याला...”

तिथेच थांबले. काका वळले आणि सरळ बाहेर गेले.

मी मागोमाग धावलो. पायरीवर बसून ते चपलेचा पट्टा लावत होते. लागत नव्हता.

“काका, बरं नाही का?”

“बरा आहे!” ते खेकसले. मग पट्टा सोडून दिला. “धाकटा भाऊ वारला माझा. तिकडं, इस्रायलात. बावीस दिवस झाले.”

“आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत?”

“काय बोलू? दर रविवारी फोन करायचा. तो म्हणायचा सुवर्णयुग, मी म्हणायचो साल सांग. शेवटच्या खेपेला, ‘अक्कल नाही तुला’ म्हणालो आणि फोन आपटला. नऊशे-हजार वर्षांपूर्वी मेलेल्यांवरून जित्या भावाशी भांडलो रे.”

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. मृताच्या नावानं म्हणायच्या प्रार्थनेला दहा यहुदी पुरुष लागतात, हे त्यांनीच मग सांगितलं. प्रार्थनेसाठी पुण्याच्या सिनेगॉगपर्यंत जायला गुडघे साथ देत नव्हते.

रविवारी मी प्राध्यापकांना, कांबळेसाहेबांना आणि सोसायटीतल्या आणखी सात जणांना घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. काकांनी बोट फिरवून आम्हाला मोजलं आणि ते भडकले.

“कुणी सांगितलं होतं हे? तुमच्यातला एकही नियमात बसत नाही!”

“मग निघतो आम्ही,” प्राध्यापक ओशाळून म्हणाले.

“निघतो काय? नियमात नाही बसत, तर खुर्चीत बसा!”

ती प्रार्थना त्यांनी म्हटली नाहीच. एकट्यानंही चालतं असं एक स्तोत्र त्यांनी मराठीतून वाचायला घेतलं. आवाज चढा, जणू देवालाच दमात घेत होते. मध्येच तो आवाज अडकला. शेजारच्या प्राध्यापकांनी चष्मा सावरला, पुस्तकात डोकावून पाहिलं आणि पुढची ओळ वाचली.

काकांनी त्यांचा एक उच्चार सुधारला. मग दोघं मिळून वाचत राहिले.