कवडूभाऊंची पोच

देवळात नारळ फोडला की माणसं हात जोडतात आणि घरी जातात. आमचे शेजारी कवडूभाऊ जात नसत. गाभाऱ्याकडे कान देऊन उभे राहत. "पोचला काय गा देवा?" भिंतीवरची पाल चुकचुकली की मगच चपला घालत. एकदा पाल काही बोलेना. शेवटी पुजाऱ्यालाच जेवण सोडून "पोचला, पोचला बाप्पा!" असं ओरडत यावं लागलं.

भाऊ आमच्या मूल गावच्या धानाच्या गिरणीत मापारी होते, धान मोजून द्यायचे. "माणसाले पोच पाहिजे," हे त्यांचं ब्रीद. त्या पोचेत पावतीही आली आणि अक्कलही. निरोप ऐकून कोणी नुसती मान हलवली की भाऊ भडकलेच. "मान तं बैलही हालवते! तोंडानं सांग ना, पोचला म्हणून!" पंगतीत वाढायला उभे राहिले की एकेकाला विचारत, "वरण पोचलं काय?" तोवर मागच्यांचा भात थंडगार. बायको वारलेली, लेकरू नाही. पितृपक्षात कावळा शिवला की म्हणत, "हिची पोच आली. वर्साची एकच येते, पण येते."

मी मॅट्रिक झाले आणि नागपूरच्या कॉलेजात अर्ज धाडला. सोबत मॅट्रिकचं अस्सल सर्टिफिकेट. बाबांनी लिफाफा साध्या टपालानं टाकला. कॉलेज उघडायची वेळ आली तरी उत्तर नाही. बाबा आधीच अर्ध्या मनाचे. "उत्तर नाई म्हंजे घेतलं नाई. बस आता घरी," म्हणाले. माझं तर जेवणच उडालं. शिक्षण गेलं ते गेलं, सर्टिफिकेटही गेलं!

भाऊंना कळलं तसे ते तरातरा आले. "तिकीट लावून फेकून देल्लं, अन् पोच नाई घेतली? अगा, तुले तरी काही पोच हाय का नाई?" दुसऱ्या दिवशी सकाळच्या छोट्या रेल्वेगाडीनं भाऊ नागपूरला रवाना झाले.

तिथं काय घडलं ते पुढं अख्ख्या गल्लीनं त्यांच्याच तोंडून ऐकलं. कारकून हिंदीवाला. म्हणाला, "आया होगा." भाऊ म्हणाले, "होगा नाई चलत साहेब. आया का नाई आया?" आणि तिथंच दारात ठिय्या दिला. वैतागून कारकुनानं कपाट उघडलं, तर गठ्ठ्यात माझा लिफाफा! नावाखाली मी ठसठशीत लिहिलं होतं, 'मूल'. जिल्हा लिहायचं सुचलंच नव्हतं. मूल कोणाला ठाऊक नाही? पण हिंदीत मूल म्हणजे अस्सल. त्या भल्या माणसाला वाटलं, आत अस्सल कागद आहेत एवढंच पोरीनं कळवलंय आणि गावाचं नाव विसरली! उत्तर तयार होतं, फक्त धाडायचं कुठं ते कळत नव्हतं.

"अहो साहेब, गाव हाय थे!" भाऊ कडाडले. "तुमच्या ताटातला तांदूळ तिथूनच येऊन राह्यला!"

परतले ते थेट आमच्याच दारात. शिक्क्याचा कागद बाबांच्या हातात ठेवला. अर्ज मिळाला, प्रवेश दिला, मुलीला पाठवा. बाबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचला. "जाय मंग," म्हणाले. मी उडीच मारली. आई रडायला लागली. गल्ली गोळा झाली.

त्या गडबडीत भाऊ कधी निघून गेले, कळलंच नाही. आईनं वरणभाताचं ताट देऊन मला त्यांच्याकडे धाडलं. भाऊ आपल्या ओट्यावर बसले होते. पिशवी मांडीवर, दाराचं कुलूप तसंच. एवढ्या लांबून माणूस आला, पण आत वाट पाहणारं कोण होतं? साऱ्या दुनियेला विचारत फिरायचे, त्यांना मात्र कोणीच विचारत नव्हतं.

"भाऊ, पोचले काय?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मान तेवढी हलवली.

"मान तं बैलही हालवते," मी म्हटलं. "तोंडानं सांगा ना."

भाऊ खुदकन हसले. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि कमरेची किल्ली काढली.

"पोचलो वं माय," म्हणाले. "आत्ता पोचलो."