विसाजीपंतांचे गलबत भर समुद्रात थांबले त्याची हकीकत

श्रीगणरायास आणि ज्यांचे तोंडून ऐकोन आमुचे कान तयार जाहले त्या वडीलधाऱ्यांस नमन करोन लिहिले ऐसे जे, शके १९०६, रक्ताक्षीनाम संवत्सर, कार्तिक मासी आमुचे राज्यात चित्रपेटी दाखल जाहली. राज्य थोर नव्हे, टेकडीखाली बारा घरे, समुद्रापासोन बहुत दूर. तेथे विसाजीपंत खरवंडीकर म्हणोन गृहस्थ, टपालकचेरीतून निवृत्त जाहलेले, नित्य सांजेस आपले ओट्यावर बैसोन गोष्ट सांगत. गोष्ट एकच, एका गलबताची, सात वर्षे चालली होती, आणि पंतांची वाणी ऐसी की लाट म्हणताच पुढे बैसलेली माणसे पाय वर घेत. पंतांचे कुटुंब मथूबाई दाराआड तांदूळ निवडीत ऐकत.

मग साखर कारखान्यातील हणमंतराव उरुणकर यांणी टीव्ही आणिला, आणि मन मोठे म्हणोन सतरंजी अंथरोन बाराही घरांस बोलाविले. पहिले दिवशी ओट्यावर निम्मी माणसे आली, आठवे दिवशी कोणीच आले नाही. पंत एकले बैसले आणि बोलले, "डोळ्यांना सगळं आयतं मिळालं की मन आळशी होतं." मग पेटीचे तोंड न पाहण्याचा पण केला. मथूबाई मात्र जात.

एके रविवारी बाई लगबगीने परतल्या आणि बोलल्या, "अहो, आज समुद्र पाहिला! केवढा हो तो!"

पंतांस लागले. म्हणाले, "मग सात वर्षं मी काय सांगत होतो?"

"तुमचा समुद्र तुमच्या आवाजात बोलायचा. हा स्वतःच्या आवाजात बोलतो."

पंतांणी समुद्र जन्मात पाहिला नव्हता, आणि हे बाईंखेरीज कोणास ठाऊक नव्हते. पुढील रविवारी पण मोडोन पंत सतरंजीच्या कडेस जाऊन बैसले आणि लाटा दिसताच डोळे भरोन आले. मग एक दिवस चुकविला नाही. शेतीच्या माहितीपासोन बातम्यांपर्यंत सारे पाहत, आणि गलबत भर समुद्रात राहिले.

फाल्गुनात वावटळ आली, अँटेना कोसळला, पेटीत नुसत्या मुंग्या दिसो लागल्या. मग सारे राज्य आपसूक ओट्याकडे वळले. हणमंतरावांणी स्वतः विचारिले, "पंत, गलबत कुठवर आलं?" पंतांणी घसा साफ केला, आरंभ केला, चार वाक्ये जाहली आणि थांबले. हळूच बोलले, "मंडळी, माफ करा. माझं गलबत मला दिसतच नाही. डोळे मिटले की पेटीतलंच येतं."

तेव्हा मथूबाई दाराआडोन बाहेर आल्या, बारा घरांसमक्ष प्रथमच ओट्यावर बैसल्या आणि म्हणाल्या, "मला दिसतंय. शिडं विटकरी आहेत, एकाला ठिगळ आहे. सुकाणूवरचा म्हातारा डावखुरा आहे."

पंत चकित जाहले. "हे मी कधी सांगितलं?"

"तुम्ही नाही सांगितलंत. तुम्ही दम खायला थांबायचात ना, तेवढ्यात मी बघून घ्यायची."

आणि बाई सांगो लागल्या. वाणी साधी, मधेच अडखळत, परंतु गलबत हलले. पंत खाली पायरीवर मंडळींत जाऊन बैसले, हनुवटी तळहातावर टेकोन ऐकत राहिले आणि बाई थांबताच लहान मुलासारिखे विचारते जाहले, "मग? पुढे काय झालं?"

तिसरे दिवशी अँटेना उभा राहिला आणि मंडळी पुन्हा पेटीपुढे गेली. पंत आणि बाई मात्र कधी पेटीपुढे, कधी ओट्यावर, दोघेच बैसत, आणि सांगणे बाईंकडे असे. पुढे घरोघरी टीव्ही आले, पंत निवर्तले, दोन वर्षांनी बाईही गेल्या.

तात्पर्य, पेटीने बहुत दिले आणि बहुत नेले. आज आमुचे घरी भिंतीएवढा पडदा आहे, आम्ही एकलेच पाहतो, आणि काय पाहिले ते सकाळी आठवत नाही. पेटीस दोष लिहावा तर हात धजत नाही, कारण ती नवी होती त्या दिवसांचीही आता आठवण येते. जैसे जाहले तैसे लिहिले.