पाक सुगिनोंचा कोट

१९९१ साली जावा बेटावरच्या आमच्या अख्ख्या वोनोसोबो गावात माझ्याइतका रुबाबदार बेकार दुसरा नव्हता! नोकरीच्या अर्जावर लाल पडद्यासमोरचा, कोट-टायमधला फोटो लागायचा. तो काढायचा पाक सुगिनोंच्या स्टुडिओत; मोठ्या माणसाला आमच्याकडे मानानं 'पाक' म्हणतात. कोटही त्यांचाच, खिळ्याला टांगलेला. सगळ्यांना बसावा म्हणून पाठीत उभा चिरलेला. मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे; जाड्याला दोन, माझ्यासारख्याला सहा. खाली लुंगी होती, पण फोटोत मी थेट राज्यपाल!

अर्ज चहामळ्याच्या कचेरीत केला होता. नोकरी लागली तरच माझ्या लाडक्या वुलानचे वडील मला उंबऱ्याच्या आत घेणार होते.

मुलाखत घ्यायला कचेरीतले पाक हार्तोयो. त्यांनी टेबलावर अडतीस अर्ज पत्त्यांसारखे मांडले. अडतीस तोंडं, एक कोट! कॉलरवरचा शाईचा डागसुद्धा तोच.

"काय हो, बँडपथक आहे का तुमचं?"

घाबरून मी बोलून गेलो, "कोट माझा आहे, पाक! बाकीचे मागून नेतात."

"अस्सं? मग उद्या घालूनच या. मोठे साहेब यायचेत. कोटवाला माणूस बघू दे त्यांना!"

धावत स्टुडिओत गेलो. सुगिनो म्हणाले, "ने बाबा. पण पाठ दाखवलीस तर मेलास! आणि चिमटे परत आण, बायकोचे आहेत."

दुसऱ्या दिवशी काय उत्तरं दिली, देव जाणे. निघताना मात्र मी कमरेत वाकलो आणि साहेबांकडे तोंड ठेवून उलट्या पावली दाराकडे सरकू लागलो.

साहेबांचे डोळे पाणावले. "हार्तोयो, बघा! माझे आजोबा सुलतानांसमोरून असेच निघायचे. हल्लीच्या पोरांत कुठे राहिलीय ही रीत!"

मी आणखी वाकलो. टक्कन एक चिमटा उडाला! दाराबाहेर बाकांवर बसलेल्या सदतीस उमेदवारांना माझी पाठ दिसली, आणि ओळखीचे चिमटे बघून सगळा व्हरांडा खिदळला.

संपलं! वुलान गेली!

हार्तोयो उठले. चिमटा उचलून माझ्या मागे आले आणि गुपचूप जागेवर लावत कानात पुटपुटले, "माझ्या वेळी चारच लागले होते. जेवत जा जरा."

नोकरी लागली.

सुगिनो गेले, स्टुडिओही गेला. हल्ली कोट संगणकच चढवतो. आमच्या लग्नाचा फोटो मात्र अजून भिंतीवर आहे. पाहुणे म्हणतात, "नवरदेव काय ताठ उभा आहे, भिंतीला पाठ लावून!"

मी त्यांच्यापुढे चहा सरकवतो. वुलानला अजून वाटतं, कोट माझाच होता.