तिसऱ्या वेताचा कॉम्प्युटर

जगातल्या कोणत्याही वस्तूचं वय तिच्या मालकाला विचारू नये. तोंड उघडून दात पाहावेत. काष्टीचा जनावरांचा बाजार या एकाच तत्त्वावर उभा आहे. शासनाने वयाच्या दाखल्याची सोय पुष्कळ नंतर केली आणि दाखल्यात वय मागेपुढे करता येतं. दातांत करता येत नाही (करणारे आहेत, पण त्यांना कानस लागते आणि त्यांचा दर वेगळा असतो).

कानिफनाथ या बाजारातला म्हशींचा दलाल. म्हैस कितव्या वेताची, म्हणजे आजवर किती वेळा व्याली, हे तो रस्त्यापलीकडून तिची चाल पाहून सांगे. त्याचं शास्त्र सरळ होतं. पहिल्या वेताची म्हैस लाथ मारते. दुसऱ्याची शिकाऊ असते. तिसरं वेत म्हणजे सोनं: दूध भरपूर, अंग भरलेलं, डोकं ठिकाणावर. चौथ्यालाही नावं ठेवता येत नाहीत. पुढे उतार लागतो, आणि आठव्या वेतानंतर दुधाबद्दल कोणी बोलत नाही, स्वभावाबद्दल बोलतात. बारा वेतं झालेली म्हैस अख्ख्या बाजारात एकच होती, भीमा नावाच्या शेतकऱ्याची. ती दर आठवड्याला विकायला यायची आणि दिवस मावळताना भीमाच्या पुढे चालत घरी जायची. बाजाराचे नियम एव्हाना तिला भीमापेक्षा जास्त कळत असावेत, असा जाणकारांचा अंदाज आहे.

कानिफनाथला आजवर कोणी फसवलं नव्हतं. याच लौकिकावर त्याची चूल पेटत होती, कारण लोक म्हैस पाहून घेत नसत, कानिफनाथकडे पाहून घेत.

त्याची मुलगी रेश्मा श्रीगोंद्याला कॉलेजात होती आणि कॉम्प्युटरवरच्या खेळात तरबेज होती. नगरला रविवारी एका संघाची निवड व्हायची होती. वर्षभर ती त्याचीच वाट पाहत होती. पण निवड नुकत्याच बाजारात आलेल्या नव्या गेमवर होणार होती आणि तो गेम तिच्या कॉम्प्युटरवर सुरूच होईना. पडद्यावर एक पाटी यायची: हा प्रोसेसर चालणार नाही.

"बंद पडलाय का?" कानिफनाथने विचारलं.

"नाही अप्पा, चालतोय."

"दमतो का?"

"नाही."

"मग दुखतंय काय त्याला?"

"काहीच नाही. कंपनीनं नव्या गेममधून जुन्या प्रोसेसरचा सपोर्ट काढलाय. चालत असला तरी चालवून घेत नाहीत."

या धोरणाचं इथे कौतुक करणं भाग आहे. पूर्वी वस्तू बिघडेपर्यंत वाट पाहावी लागे आणि त्यात माणसांची उमेदीची वर्षं वाया जात. आता बिघडण्याची जबाबदारी कंपनीनेच अंगावर घेतल्याने ग्राहकाला कसलीही तोशीस पडत नाही. खेळ तयार करणारे कुठेतरी सातासमुद्रापार बसून ठरवतात की काष्टीतल्या एका खोलीत इमानाने गुरगुरणारा प्रोसेसर आता म्हातारा झाला. दात पाहायला कोणी येत नाही. एका पाहणीनुसार (पाहणी झालेली नाही, पण झाली असती तर हेच निघालं असतं) दहातल्या नऊ प्रोसेसरांना आपल्या निवृत्तीची बातमी खेळाच्या पडद्यावरूनच कळते. दहावा तोवर भंगारात गेलेला असतो.

"आपला कितवा म्हनायचा?" कानिफनाथने विचारलं.

"चौथ्या जनरेशनचा. म्हणजे कंपनीनं चौथ्या खेपेला काढलेला. तुमच्या वेतासारखंच समजा की. आता बाराव्याचा तरी पाहिजे."

कानिफनाथला पोरीची कीव आली. शिकली होती, पण दावणीपासून लांब वाढली होती. चौथ्याच्या जागी बारावं मागत होती! रेश्माचं प्रॅक्टिकल होतं त्या दिवशी त्याने कॉम्प्युटर पोत्यात बांधला, एसटी धरली आणि एकटाच नगरला गेला.

तिथल्या दुकानाचा मालक अझहर हा तरुण पोरगा. वागायला चांगला, पण त्याच्यात एक मोठी खोड होती. तो खरं बोलायचा.

"काका, हा घ्या. बाराव्या जनरेशनचा. एकदम नवीन."

कानिफनाथला हसू दाबावं लागलं. बारा वेतं, आणि एकदम नवीन! एवढं म्हणायला भीमासुद्धा कधी धजला नव्हता.

"आन् त्यो कोपऱ्यातला?"

"तो तिसऱ्याचा आहे. भंगारात द्यायचाय. त्यावर नवीन गेम चालणार नाही, काका. घेऊ नका."

तिसरं वेत! कोपऱ्यात दडवलेलं, वर धूळ टाकलेली आणि मालक तोंड फाटेस्तोवर बदनामी करतोय. मालक बदनामी कोणत्या जनावराची करतो? जे त्याला द्यायचं नसतं त्याची. मग कानिफनाथने रीतसर पाहणी केली. आधी नको असलेली दोन मशिनं निरखली. तिसऱ्याकडे सहज पाय वळल्यासारखं केलं. मागच्या जाळीतून आत डोकावला, पाठीवर थाप मारली, सुरू करायला लावून कान देऊन श्वास ऐकला. पंखा भात्यासारखा घरघरत होता. छाती मोठी आहे, एवढी नोंद त्याने मनात केली.

मग त्याने अझहरचा हात धरला आणि वर आपला टॉवेल टाकला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: जनावराचा भाव बोलायचा नसतो, टॉवेलखाली बोटं दाबून सांगायचा असतो. अझहरला हे ठाऊक नव्हतं. परक्या माणसाने हात धरल्यावर कोणीही करील तेच त्याने केलं, हात मागे ओढला. बाजारात याचा एकच अर्थ होतो, की एवढ्यात परवडत नाही. कानिफनाथने भाव वाढवला. "अहो काका, नको ना," अझहर म्हणाला. कानिफनाथने पुन्हा वाढवला. शेवटी हात सोडवून घ्यायला अझहरने त्याचं बोट घट्ट पकडलं आणि सौदा झाला. बाराव्याच्या किमतीला तिसऱ्याचा मिळाला, वर बदल्यात चौथ्याचा द्यावा लागला. परतीच्या एसटीत कानिफनाथला आनंद लपवता येईना.

घरी चांगुणाने, म्हणजे कानिफनाथच्या बायकोने, नव्या जनावराची पद्धत म्हणून मशिनवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. पायांवर पाणी घालणार होती, तेवढ्यात रेश्मा ओरडली. मग तिने मशिन सुरू केलं आणि खुर्चीत मागे टेकली. पडद्यावर तीच पाटी होती.

"अप्पा," ती हळूच म्हणाली, "आपला चौथ्याचा तरी बरा होता."

आणि ती रडली. कानिफनाथला फार वाईट वाटलं. फसल्याचं दुःख होतंच, पण पोरगी रागावली नाही, हे त्याला जास्त लागलं.

निवडीच्या आदल्या दिवशी बाजार होता. म्हैस दूध देईना तर विकणाऱ्याने पुढच्या बाजाराला लिंबाखाली येऊन पंचासमोर उभं राहायचं, असा तिथला रिवाज. निरोप जाताच अझहर आला. भंगाराला एवढी किंमत घेतल्यापासून त्याला झोप नव्हती, म्हणून बाराव्याचं मशिनही त्याने रिक्षात घालून आणलं होतं. पंच होते गनीभाई, बाजारातले सगळ्यांत जुने दलाल. भोवती ही गर्दी जमली.

"खोड सांगितली हुती का?" गनीभाईंनी विचारलं.

"सांगितली, चाचा. जुना आहे म्हणालो. गेम चालणार नाही म्हणालो. घेऊ नका म्हणालो."

गर्दीत कुजबुज झाली. विकणाऱ्याने आपण होऊन खोड सांगितल्याचा दाखला बाजाराच्या इतिहासात नव्हता. गनीभाईंनी बराच वेळ पान चघळलं.

"कानिफ," ते म्हणाले, "व्याली ती कंपनी. ह्ये तिचं रेडकू हाय. तू रेडकाची येतं मोजीत बसला व्हय? बाराव्या येताचं रेडकू कालचं. तिसऱ्याचं म्हातारं."

अख्खा बाजार हसला. सगळ्यांत मोठ्याने हसले ते पुण्याकडचे एक गृहस्थ. त्यांनी जवळच फार्महाऊस बांधलं होतं, घरच्या दुधासाठी म्हैस घ्यायला आले होते आणि हा सगळा प्रकार मोबाईलवर टिपत होते.

"पर गुन्हा पोराचाच," गनीभाई पुढे म्हणाले. "सौद्यात खरं बोलला. गिऱ्हाइकानं समजायचं काय?"

निकाल लागला तो असा: विकणाऱ्याने कोणतीही पूर्वसूचना न देता सलग तीन वेळा सत्य सांगून एका अनुभवी माणसाची दिशाभूल केली. सबब त्याने तिसऱ्याचं मशिन परत घेऊन बाराव्याचं द्यावं, आणि यापुढे गिऱ्हाइकाला अंदाज यावा म्हणून दर सौद्यात निदान एक तरी थाप मारावी. अझहरने दोन्ही अटी आनंदाने मान्य केल्या (त्यांपैकी दुसरी पाळली की नाही, हे कळायला मार्ग नाही). रेश्माची रविवारी निवड झाली, हे आताच सांगून टाकायला हरकत नाही.

कानिफनाथचा लौकिक निकालात वाचला होता, पण हसणं त्याच्या कानातून जात नव्हतं. तेवढ्यात ते गृहस्थ डोळे पुसत त्याच्याकडेच आले.

"काय हो, रेडकाची वेतं मोजलीत! बरं, मला एखादी चांगली म्हैस दाखवा. जुनी नको. एकदम लेटेस्ट."

कानिफनाथ त्यांना भीमाच्या म्हशीपाशी घेऊन गेला.

"कितव्या वेताची?"

"बाराव्या," कानिफनाथ म्हणाला. "पर साहेब, दूध देत न्हाई. सवभाव गरीब हाय. घिऊ नका."

गृहस्थांनी डोळा मिचकावला. बारावं म्हणजे कालचं, हे त्यांनी आत्ताच स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. टॉवेल पुढे आला तेव्हा त्यांनी आपण होऊन हात आत घातला. भीमाची म्हैस त्या दिवशी पहिल्यांदाच वेगळ्या रस्त्याने घरी गेली.

त्या गृहस्थांचं नाव इथे देत नाही. सुशिक्षित आहेत, वाचनाची आवड आहे, विशेषतः खेड्यातला माणूस फसल्याच्या गोष्टी त्यांना फार रुचतात. ही गोष्ट ते नव्या मोबाईलवर वाचत असावेत. आधीचा चांगला चालत होता, पण कंपनीने म्हातारा म्हटल्यावर त्यांनी तो देऊन टाकला. दात तेव्हाही पाहिले नव्हते.

म्हैस मघापासून ओरडतेय. वाचून झालं असेल, तर उठा, तिला पाणी दाखवा.