माकडाने नेलेली बस

“कुसुमताई, तुमचा विश्वास बसायचा नाही, पण बस माकडाने नेली,” भालचंद्रराव म्हणाले आणि त्यांच्या सुनेने, शरयूने, कपाळाला हात लावला.

खरी बस फूलबागेच्या फाटकाबाहेर पाऊण तास हॉर्न वाजवत उभी होती. हरवलं होतं ते बसचं चित्र. विशेष मुलांच्या शाळेचा हा बागेतला वर्ग शरयू अशा चित्रांवरच चालवायची. दोरीला चिमट्यांनी कार्डं लावलेली: झाड, माती, पाणी, डबा आणि शेवटी बस. कार्ड दिसलं की मुलं त्या कामाला लागत. कार्ड नाही तर ब्रह्मदेव आला तरी हलत नसत. आज मदतनीस आजारी, म्हणून तिने सासऱ्यांना आणलं. काम एकच, दोरी सांभाळायची.

डबा संपला, तर पुढे नुसता चिमटा. दहा वर्षांचा अपूर्व त्या चिमट्यासमोर मांडी घालून बसला. त्याच्यामागे बाकीचे सात. शरयूने बसचा आवाज काढला, ड्रायव्हरला आत आणून उभा केला, शेवटी काठीने मातीत बस काढली. अपूर्वने ती निरखली.

“मिट्टी,” तो त्याच्या हिंदीमिश्रित मराठीत म्हणाला आणि उकरायला लागला. मग सगळेच लागले.

तोवर पालकांचे फोन सुरू झाले आणि मुख्याध्यापिका कुसुमताई सिटी सेंटरमधल्या शाळेतून स्वतः येऊन थडकल्या.

“हे एवढं माकड,” भालचंद्रराव रंगात आले. “मी दोरी सोडेना, तर त्याने माझा चष्मा ओढला.”

“बाबा, चष्मा नाकावर आहे तुमच्या.”

“परत दिला ना त्याने. आपल्या गावच्या किल्ल्यावरचं होतं, खानदानी.”

कुसुमताई हसल्या नाहीत. “शरयू, माकडं अंगावर येत असतील तर उद्यापासून हा वर्ग बंद. मुलं चार भिंतींतच बरी.”

 या वर्गासाठी दोन वर्षं शरयूने दारोदार विनवण्या केल्या होत्या. तिने सासऱ्यांकडे असं काही पाहिलं की त्यांनी घाईघाईने माकड लहान केलं.

“तसं पिल्लूच होतं म्हणा. गरीब बिचारं.”

“पिल्लू असेल तर आईही असणार जवळपास,” कुसुमताई म्हणाल्या. “बंद म्हणजे बंद.”

अपूर्वने मातीतून मान वर केली नाही.

“बंदर नव्हता आला,” तो म्हणाला. “कचोरी-भाजी आली होती. चमचा नव्हता. आजोबांनी बसने भाजी खाल्ली. बस त्यांच्या खिशात आहे.”