खुरपं घेऊन जेवायला जाणारे बाळूकाका

पावसाळ्याच्या दिवसांत कोणी जेवायला बोलावलं की बाळूकाका आधी त्याच्या शेतात जात. बांधाच्या कडेला खुरप्याने वीतभर खड्डा खणायचा, निघालेली गांडुळं मोजायची, मग हात धुऊन पानावर बसायचं. गांडुळं कमी निघाली तर आमटीत मीठ कमी आहे म्हणत. किन्हवलीजवळच्या आमच्या गावाला याची सवय झाली होती. मी शाळेत विज्ञान शिकवायचो आणि त्यांच्या शेजारी राहायचो, त्यामुळे सगळे आकडे मला ऐकावे लागत.

"मास्तर, तुमच्या वर्गात पोरा किती?"

"बेचाळीस."

"आमच्या वरच्या खाचरात तेवडी एका खड्ड्यात निगतात. आन् गप बसतात."

काकांची बायको लवकर गेलेली. घरात एकुलती एक मुलगी, सुनी. तिच्यासाठी स्थळं पाहताना काकांनी पत्रिका, घर, मुलगा यांत फारसं लक्ष घातलं नाही. मुरबाडकडची तीन स्थळं खड्ड्यातच नापास झाली. मग जळगावकडे स्थायिक झालेल्या दूरच्या नात्यातलं एक स्थळ आलं. काका श्रावणात तिकडे गेले, काळ्या जमिनीत खुरपं घातलं आणि परत येऊन म्हणाले, "जमला." मुलाचं नाव विचारलं तर त्यांना आठवेना. लग्नानंतर सुनी माहेरी आली की काका आधी तिकडच्या मातीचंच विचारत.

काही वर्षांनी जावयाने बीटी कापूस लावला. या बियाण्यात बाहेरचं जनुक घातलेलं असतं, त्यामुळे पान खाल्लं की बोंडअळी मरते, असं मी काकांना समजावलं.

"आन् ती पाना खाली पडली म्हंजे मातीत कोन खातं?"

प्रश्न चांगला होता. मी मिळेल ते वाचलं. कोणी म्हणे जमिनीला काही होत नाही, कोणी म्हणे अजून काही वर्षं बघायला हवं. मी तसं सांगितलं.

"म्हंजे तुमाला ठावं नाय," काका म्हणाले.

वैशाखात ते स्वतःच सुनीकडे गेले. घरात पाऊल टाकण्याआधी शेतात गुडघाभर खणलं. एकही गांडूळ निघालं नाही. भर अंगणात जावयाला म्हणाले, "माती मारलीस तू. ह्ये बियानं सोडत नाय तवर तुमच्या घरचं कोनी माज्या दारात यायचं नाय." आणि घोटभर पाणीही न पिता परत आले. जावई बियाणं सोडेना. सुनी तीन वर्षं माहेरी आली नाही.

विज्ञान शिकवत असूनही मला जे सुचायला हवं होतं ते सुचायला तीन वर्षं लागली. एका वैशाखात भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाल्यावर मी काकांना त्यांच्याच वरच्या खाचरात नेलं.

"खणा."

"येड लागलं का मास्तर? उन्हाल्यात खाचर कोन खणतो?"

खरंच, आमच्याकडे कोणी खणत नाही. सुनीकडची ती एक खेप सोडली तर काकांनीही जन्मभर गांडुळं पावसाळ्यातच मोजली होती. खुरपं चालेना म्हणून पहार आणली. गुडघाभर खणलं. एकही निघालं नाही.

"ऊन वाढलं की ती खोल जातात, काका. त्या बियाण्याचं मी काही सांगत नाही. तिथली माती बिघडली असेल, नसेलही. पण तुमच्या त्या खड्ड्यावरून ते कळत नाही."

काका पहार टाकून खड्ड्याच्या काठावर बसले. मग हळूच म्हणाले, "माती बगून दिली पोर. मानसा कशी हायत, बगितलीच नाय. म्हनून दर खेपेला मातीच इचारत ऱ्हायलो. ती बरी तं पोर बरी, आसा धरून चाललो."

मला त्यांची फार दया आली.

संध्याकाळी आम्ही किन्हवलीच्या एसटीडी बूथवर गेलो. मी नंबर फिरवला. पलीकडे सुनीच होती. काकांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "सुने, बरी हाय ना गो?"

तिचं उत्तर मला ऐकू आलं नाही. काकांनी डोळे मिटून घेतले.

"माती नाय गो, बाय. तुला इचारतो."