कप आधीच उचलला

रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या त्या बाईला एका गोष्टीचा भारी अभिमान होता. नवरा-बायकोने मिळून सिनेमा कसा बघावा, हे जगाने आपल्याकडून शिकावं असं तिला मनापासून वाटायचं. नुकतंच लग्न झालेल्या रिसेप्शनवरच्या मुलीला ती नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता धडे द्यायची. "आमच्यात नियम आहे. कुणी एकट्याने काही बघायचं नाही. सोळा वर्षं झाली. आणि ह्यांना मध्येच काहीही विचार, फाडकन उत्तर. इतकं लक्ष असतं."

त्या रविवारी दुपारी दोघं घरी टीव्हीवर शुक्रवारीच आलेला खुनाचा सिनेमा बघत होती. नायिका अंधाऱ्या जिन्याने माळ्यावर चालली होती. सगळं शांत. नवऱ्याने हात लांब केला, बायकोच्या कोपराजवळचा भरलेला कप अलगद उचलला आणि टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला ठेवला. दुसऱ्याच क्षणी कपाटातून प्रेत धाडकन बाहेर पडलं. बाई सोफ्यावर वीतभर उडाली आणि तिचं कोपर जिथे कप असायला हवा होता, नेमकं तिथे आपटलं.

तिने सिनेमा थांबवला.

"कप का उचललात?"

"कुठला कप?"

"अहो, प्रेत पडायच्या आधी तुम्ही कप उचललात. आधी."

"हात आखडला होता जरा," नवरा म्हणाला. तो पाणीपुरवठ्याच्या पंपावर सकाळच्या पाळीला होता. खोटं बोलायची सवय नव्हती, कारण पंपाशी खोटं बोलून काही उपयोग नसतो.

"हा सिनेमा तुम्ही पाहिलाय."

"छे."

"ठीक आहे," ती म्हणाली आणि सिनेमा पुन्हा सुरू केला. पण आता ती पडद्याकडे बघतच नव्हती. नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती, सूक्ष्मदर्शकातून बघावं तशी. त्या नजरेने बिचारा घामाघूम झाला. आपण घाबरलो नाही तर पकडले जाऊ, या धसक्याने तो "बापरे" म्हणून किंचाळला. पडद्यावर तेव्हा एक म्हातारा बुटाला पॉलिश करत होता.

सिनेमा पुन्हा थांबला.

"कोणाबरोबर बघितलात?"

"एकट्यानेच."

"खुनाचा सिनेमा भरदुपारी एकटा कोण बघतं? मी तिकडे दिवसभर लोकांना सुया टोचतेय आणि तुम्ही दोन वाजता घरी येऊन माझ्याच सोफ्यावर… कोण आहे ती?"

"अगं, कोणी नाही."

तिने वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नणंदेला फोन लावला. आपल्या बाजूने कोणीतरी असावं, एवढाच हेतू. नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. तिने सगळं ऐकून घेतलं आणि भावाला वाचवायच्या नादात त्याला पुरता बुडवला.

"बाई-बिई कोणी नाही गं. शुक्रवारी चारला मी साखर मागायला आले होते ना. एकटाच होता. काहीतरी लिहीत होता बिचारा. मला बघून उशीखाली लपवली."

"काय लपवली?"

"वही," नणंद म्हणाली, आणि आपण काय बोलून बसलो हे लक्षात येऊन लगबगीने खाली यायला निघाली.

ती दारात पोचली तोवर उशा, गाद्या, कपाटं, सगळं जमिनीवर आलं होतं. वही सापडली ती पंपाच्या माहितीपुस्तकांच्या गठ्ठ्यात. शुक्रवारची तारीख घातलेलं पहिलं पान काढून बाईने मोठ्याने वाचायला घेतलं.

"'लाल स्वेटरवाला म्हणजे वकिलाचा मेहुणा. ही तीनदा विचारेल. कुत्र्याचं काय झालं विचारेल. कुत्रा बरा आहे. माळा: कप उचलणे.'"

ती थांबली. मागची पानं उलटत गेली. तीन वर्षांचे सिनेमे होते. प्रत्येकाखाली तिचे प्रश्न, आणि त्यांची उत्तरं.

"हे काय आहे?"

नवरा खाली बघत म्हणाला, "तू विचारतेस, हा कोण, तो मघाचाच का, ही आता रडते कशाला. तुला सांगेपर्यंत माझं पुढचं निघून जायचं. मग पुढचं विचारलंस की मला येत नसे. तू म्हणायचीस, तुमचं लक्षच नसतं. आठवतं ना, तो जहाजाचा सिनेमा? दोन दिवस बोलली नव्हतीस. म्हणून आधी बघून ठेवतो."

दुसरी कोणी असती तर विरघळली असती. ही आणखी पेटली. दुसरी बाई निघाली असती तर निदान आपली चूक नसती.

"मी इतकी बोलते?"

"इतकी नाही," नवरा म्हणाला. "जहाजात फक्त चौतीस."

"मोजलेत?"

"थोडी बोलतेसच गं," नणंद म्हणाली, आणि त्या नजरेसमोर साखरेसारखी विरघळून खुर्चीत बसली.

"बघू या," बाई म्हणाली. "आता उरलेला पूर्ण सिनेमा. मी एक शब्द काढणार नाही."

आणि नाही काढला. ओठ घट्ट मिटून ती सव्वा तास बसली. टोपीवाला आला, तिने विचारलं नाही. जुळ्या बहिणी आल्या, विचारलं नाही. शेवटी पोलिसांनी एका माणसाला बेड्या घातल्या आणि नायिका ढसाढसा रडली. तो माणूस कोण, त्याने कोणाला मारलं आणि ही का रडते, यातलं बाईला ओ की ठो कळलं नव्हतं. नणंदेने हळूच विचारलं, "हा कोण रे?" बाईने तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

नावं सरकू लागल्यावर ती ताठ मानेने उठली. "मला तर सुरुवातीलाच कळलं होतं," ती म्हणाली.

"हो ना," नवरा म्हणाला.

ती वही घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडून या सिनेमाचं शेवटचं पान उघडलं. तळाशी नवऱ्याच्या नीटनेटक्या अक्षरात एकच ओळ होती: 'शेवटी म्हणेल, सुरुवातीलाच कळलं होतं. हो म्हणायचं.'

संतापाने तिला ती वही टराटरा फाडावीशी वाटली. पण खुनी कोण होता ते अजून कळायचं होतं, म्हणून तिने आधी मागचं पान उलटलं.